अस्रचे ऊन खिडकीतच अडवा

मे महिन्यातली दुपार. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. जोहरच्या नमाजपर्यंत बाहेरची खोली बरी असते. मग ऊन पश्चिमेच्या सरकत्या खिडकीतून आत शिरते. आधी फरशी तापते, मग सोफ्याचे कापड, मग समोरची भिंत. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. त्यामुळे अस्रची नमाज नेमकी या तापलेल्या काचेकडे तोंड करून अदा करायची. डोळ्यांवर तिरीप येते, कपाळावर घाम येतो. शेवटी दादी जानमाज उचलते आणि आतल्या पॅसेजमध्ये अंथरते. मुले म्हणतात, "एसी लावा." एसी अठरावर लावला तरी खोली गार होत नाही, आणि जूनमध्ये विजेचे बिल आले की अब्बा घरभर फिरून बटणे बंद करत सुटतात.

हे दृश्य मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, कुठल्याही गावातल्या पश्चिममुखी घरात दिसेल. यात दोष एसीचा नसतो, मुलांचाही नसतो. उष्णता आत येऊ द्यायची आणि मग पैसे मोजून ती बाहेर काढायची, असा उलटा व्यवहार आपण करत असतो. उष्णता जिथून येते तिथेच तिला अडवता आले तर? काचेवर चिकटवायची पारदर्शक फिल्म हा त्याचा एक उपाय आहे. तो कुठे उपयोगी पडतो, कुठे पडत नाही, आणि दुकानदाराला काय विचारावे, हे या लेखात पाहू.

काचेतून किती उष्णता येते?

पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी एक खिडकी घ्या. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण सहाशे वॉट इतके ऊन पडते. साधी पारदर्शक काच त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक आत सोडते. म्हणजे या एका खिडकीतून सुमारे नऊशे वॉट उष्णता खोलीत येते. थंड प्रदेशात हजार वॉटचा हिटर लावून खोली गरम करतात. आपण तसाच हिटर भर मे महिन्यात चालू ठेवून बसतो, फक्त त्याचे बटण आपल्याला दिसत नाही.

एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर साधारण साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर फेकतो. त्याची चौथाई ताकद या एका खिडकीशी झुंजण्यातच जाते.

शिवाय काचेचा एक स्वभाव आहे. ऊन ती सहज आत घेते, पण त्या उन्हाने तापलेली फरशी आणि भिंती जी उष्णता बाहेर टाकतात ती काचेतून सरळ पार होत नाही. म्हणून बंद खिडकीची खोली उन्हात उभ्या केलेल्या मोटारीसारखी तापते. आतून लावलेला जाड, गडद पडदा डोळ्यांना आराम देतो, पण तो स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पांढरा किंवा फिकट अस्तराचा पडदा थोडे ऊन परत बाहेर टाकतो, म्हणून तो गडद पडद्यापेक्षा बरा.

छज्जा कमी का पडतो?

उन्हाला अडवण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे काचेच्या बाहेर. कोकणातल्या घरांना खाली उतरलेले छप्पर आणि पडवी याच कारणाने असते. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी जगप्रसिद्ध आहे ती सौंदर्यामुळे. पण अशा जाळ्या उजेड आणि वारा आत घेतात आणि उन्हाचा मोठा भाग बाहेर ठेवतात, हेही विसरू नये. अरब देशांतल्या जुन्या घरांची लाकडी मशरबिया हेच काम करते, आणि घरातल्या बायकांना पडदाही देते.

आजच्या इमारतीत खिडकीवर फार तर दोन फुटांचा छज्जा असतो. तो पश्चिमेला का पुरत नाही, हे अस्रच्या वेळेवरूनच समजते. मुंबईच्या परिसरात मेच्या मध्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. वर्तमानपत्रे त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवसांत सावली वस्तूच्या उंचीइतकी झाली की शाफई मजहबप्रमाणे अस्रची वेळ सुरू होते, साधारण पावणेचारला. सावली दुप्पट झाली की हनफी मजहबची अस्र, साधारण पाचला.

आता हाच हिशेब छज्ज्याला लावा. पावणेचारला ऊन पंचेचाळीस अंशांनी येते, तेव्हा दोन फुटांचा छज्जा काचेच्या वरच्या दोन फुटांवरच सावली टाकतो. पाच वाजता ती सावली एका फुटावर येते. चार फुटांच्या काचेपैकी तीन फूट उघडे पडतात. पुढे मगरिबपर्यंत छज्जा नावालाच उरतो. दक्षिणेच्या खिडकीला मात्र तेवढाच छज्जा उन्हाळ्यात पुरतो, कारण सूर्य डोक्यावरून जातो.

तळमजल्यावर किंवा स्वतःच्या घरात बाहेरून बांबूची चिक, शेडनेट, वेल किंवा झाड हा उपाय फिल्मपेक्षा सरस आणि बहुधा स्वस्तही. पण चौथ्या मजल्यावर, सोसायटीच्या नियमांत, पावसाळी वाऱ्यात हे सगळे टिकत नाही. तिथे फिल्मचा विचार करावा.

फिल्म म्हणजे काय?

ही पॉलिस्टरची अतिशय पातळ चकती असते. तिला एका बाजूने गोंद आणि दुसऱ्या बाजूने ओरखडे न पडण्यासाठी कडक लेप दिलेला असतो. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीला १९६६ साली अशा ऊन अडवणाऱ्या फिल्मचे पेटंट मिळाले. तेव्हापासून तिच्यात बरीच सुधारणा झाली.

बाजारात साधारण तीन जाती मिळतात. पहिली रंगवलेली फिल्म. ही सर्वांत स्वस्त. ती ऊन शोषून घेते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच येते. काही वर्षांत तिचा रंग जांभळट होतो. दुसरी धातूचा अतिसूक्ष्म थर असलेली, आरशासारखी चमकणारी फिल्म. ही ऊन परत फेकते, म्हणून उष्णता चांगली अडवते. तिसरी सिरॅमिक किंवा तत्सम फिल्म. ही महाग असते, पण उजेड बऱ्यापैकी आत येऊ देते आणि न दिसणारी उष्णता मोठ्या प्रमाणात थांबवते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जितकी काळी तितकी गार, हे खरे नाही. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही. काळी स्वस्त फिल्म दिसणारा उजेड खाते आणि न दिसणाऱ्या उष्णतेचा बराच भाग सोडून देते. मग मुलांना अभ्यासासाठी भर दुपारी दिवा लावावा लागतो. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने गेले.

मोटारीच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली, म्हणून घराच्या काचेलाही ती चालत नाही, असे काहींना वाटते. तो निकाल वाहनांपुरता आहे.

दुकानात विचारायचे तीन आकडे

कंपनीच्या माहितीपत्रकात हे आकडे असतात. नसतील तर ती फिल्म घेऊ नये.

पहिला, उजेड किती टक्के आत येतो. त्याला व्हीएलटी म्हणतात. बैठकीच्या किंवा अभ्यासाच्या खोलीत तो फार खाली नेऊ नये. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास असला तर दिवसा दिवा लागत नाही.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, उन्हाची एकूण उष्णता किती आत येते. त्याला एसएचजीसी म्हणतात. साध्या काचेचा हा आकडा ०.८ च्या वर असतो. फिल्म लावल्यावर तो ०.४ च्या आसपास किंवा खाली आला पाहिजे. काही कंपन्या हाच आकडा उलटा सांगतात, म्हणजे एकूण उष्णतेपैकी साठ टक्के अडवली जाते असे. दोन्हींचा अर्थ एकच.

तिसरा, अतिनील किरण किती अडतात. चांगली फिल्म नव्याण्णव टक्के अडवते. पडदे, गालिचे, जानमाज, कपाटातली पुस्तके यांचा रंग उडण्याचे मोठे कारण हे किरण असतात. एकटे तेच नव्हे. उजेड आणि उष्णताही रंग खातात. म्हणून फिल्मने रंग उडणे लांबते, थांबत नाही. फिल्ममुळे अंगाला ड जीवनसत्त्व मिळणार नाही अशी भीती काही जणी बोलून दाखवतात. ते ज्या किरणांनी तयार होते ते साध्या काचेतूनही जवळजवळ येत नाहीत. त्यासाठी गच्चीवर किंवा अंगणात उघड्या उन्हातच बसावे लागते, फिल्म असो वा नसो.

एका प्रात्यक्षिकापासून सावध राहावे. विक्रेता गरम दिवा लावतो, मध्ये फिल्म धरतो आणि तुमचा हात पलीकडे ठेवायला सांगतो. हाताला काहीच जाणवत नाही. "सत्याण्णव टक्के उष्णता अडते," असे तो म्हणतो. पण त्या दिव्याची उष्णता मुख्यतः अवरक्त किरणांची असते, आणि उन्हात हे किरण निम्म्याच्या आसपासच असतात. त्यामुळे सत्याण्णव हा आकडा खरा असूनही फसवा आहे. तुम्ही शांतपणे एकच प्रश्न विचारा, "एकूण उन्हापैकी किती अडते?"

पडदा, रात्र आणि शेजारी

आरशासारख्या फिल्मची जाहिरात "बाहेरून काही दिसत नाही" अशी असते. पडदा पाळणाऱ्या घरात या वाक्याला मोठी किंमत आहे. म्हणून ते नीट समजून घ्यावे. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला आरसा. दिवसा बाहेर लख्ख ऊन असते, म्हणून बाहेरच्याला आतले दिसत नाही. मगरिबनंतर आत दिवा लागला की सगळे उलटते. आतल्यांना काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि बाहेरून घरातले स्पष्ट दिसते. फिल्म लावली म्हणून कापडाचा पडदा काढून टाकलेल्या घरांत ही चूक हमखास होते. संध्याकाळी दिवा लावण्याआधी पडदा ओढायचा, ही सवय सोडू नये. इशाच्या नमाजेत समोर स्वतःचेच प्रतिबिंब हलत राहू नये, यासाठीही तो हवा.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याच्या हक्काची. फार चमकणारी फिल्म आपले ऊन समोरच्या इमारतीत फेकते. आपली खोली गार झाली आणि समोरच्या घरातल्या आजारी माणसाच्या डोळ्यांवर झळाळी जाऊ लागली, तर तो सौदा बरा नाही. गल्ली अरुंद असेल तर कमी चमकणारी फिल्म घ्यावी. इमारतीचे बाहेरचे रूप बदलते, म्हणून सोसायटीला आधी विचारावे.

पैशाचा हिशेब

बचतीबद्दल मोठमोठे दावे ऐकू येतात. आपण आपल्याच खिडकीचा स्थूल हिशेब मांडू. पाच बाय चारच्या त्या पश्चिमेच्या काचेवर उन्हाळ्याच्या स्वच्छ दुपारी जेवढे ऊन पडते, त्यातले चांगल्या फिल्ममुळे निम्मेच आत येते. अडलेली उष्णता दिवसाला साधारण पावणेदोन युनिट भरते. पण एसी एक युनिट वीज वापरून साडेतीन युनिटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. म्हणून विजेची बचत दिवसाला अर्धा युनिट.

युनिटचा दर दहा रुपये धरला तर महिन्याला दीडशे रुपये. मार्च ते जून आणि ऑक्टोबर असे पाच महिने धरले तर वर्षाला साडेसातशे. फिल्मचा खर्च मजुरीसह चौरस फुटाला शंभर रुपये धरला तर वीस चौरस फुटांना दोन हजार. म्हणजे पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. तुमच्या गावातला दर आणि तुमच्या बिलातला युनिटचा भाव घालून हा हिशेब स्वतः करून पाहा. फिल्मची किंमत तिप्पट असेल तर मुदतही तिप्पट होईल.

ही बचत दुपारी एसी चालणाऱ्या घराची आहे. ज्या घरात एसी नाही, तिथे बिल फारसे कमी होणार नाही. पण खोली कमी तापेल. उन्हाळ्यात रमजान आला असेल, घरात रोजेदार असतील, वयस्क किंवा तान्हे मूल असेल, तर त्या फरकाची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

मोठ्या इमारतीचे उदाहरण

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे मोठे नूतनीकरण २००९ मध्ये जाहीर झाले. तिला ६,५१४ खिडक्या. सगळ्या फेकून नव्या बसवण्याऐवजी जुन्या काचा उतरवल्या, इमारतीतच कारखाना थाटून स्वच्छ केल्या, दोन काचांच्या मध्ये लेप दिलेली पातळ फिल्म ताणून बसवली, पोकळीत वायू भरला आणि त्याच खिडक्या परत लावल्या. जुने सामान जवळजवळ सगळे पुन्हा वापरात आले. दिवे आणि नियंत्रण यंत्रणा सुधारणे, रेडिएटरमागे उष्णतारोधक लावणे अशी इतर कामेही झाली. सगळ्यांचे मिळून उद्दिष्ट ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे होते.

ही बचत एकट्या फिल्मची नाही, हे लक्षात ठेवावे. पण कामाचा क्रम शिकण्यासारखा आहे. त्यांनी आधी उष्णतेची ये-जा कमी केली. त्यामुळे थंडाव्याची यंत्रणा नवी आणि मोठी घ्यावी लागली नाही, जुनीच दुरुस्त करून भागले. आपल्या शाळा, मदरसे, दवाखाने, शादीखाने यांच्या विश्वस्तांनी आणखी एक एसी घेण्याआधी हाच क्रम पाळावा. काचेचा मोठा दर्शनी भाग आणि दिवसभर चालणारा एसी असेल तर फिल्मचे पैसे घरापेक्षा लवकर वसूल होतात.

नवे घर घेणाऱ्यांनी तर बिल्डरला आधीच विचारावे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी "इको निवास संहिता" आणली. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात दिली आहे. आपली इमारत त्यात बसते का, हा साधा प्रश्न आहे.

फिल्म कुठे लावू नये

पत्र्याच्या घरात किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर मुख्य उष्णता छपरातून येते. तिथे आधी छपराला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना द्यावा. खिडकीचे नंतर बघावे. उत्तरेच्या खिडकीला फिल्मवर पैसे घालण्यात अर्थ नाही. पूर्वेच्या खिडकीला सकाळचे ऊन त्रास देत असेल तरच लावावी. युरोपातल्या नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. तिथे हिवाळ्यातले ऊन घरात हवे असते आणि आतली उष्णता राखणारी वेगळी फिल्म लागते.

तार घातलेली काच, गडद रंगाची काच आणि दोन काचांची बंद खिडकी यांवर चुकीची फिल्म लावली तर काच असमान तापून तडकू शकते. अशा वेळी फिल्म त्या काचेला चालते हे कंपनीकडून लेखी घ्यावे. काठाला आधीच चीर असेल तर काच बदलूनच फिल्म लावावी.

काम आतल्या बाजूने, साबणाचे पाणी मारून, रबरी पट्टीने केले जाते. लावल्यावर काही दिवस पाण्याचे बारीक फुगे आणि धूसरपणा दिसतो. महिनाभरात तो जातो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीत काम उरकावे. नंतर मऊ कापड आणि साबणाचे पाणी वापरावे. अमोनियाचे काच-स्वच्छक आणि तारेची घासणी लावू नये.

आणि फिल्म लावली म्हणून खिडकी कायमची बंद करू नका. मगरिबनंतर बाहेरची हवा उतरली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा, वारा खेळू द्या. एसी चोवीसच्या वर ठेवून सोबत पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. याला खर्च शून्य.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. इस्राफ फक्त ताटातल्या अन्नाचा होत नाही, विजेचाही होतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. येत्या सुट्टीच्या दिवशी जोहर ते मगरिब प्रत्येक खोलीत तासातासाने जा, काचेवर आणि भिंतीवर हात ठेवा, आणि कुठली खिडकी सर्वांत आधी व सर्वांत जास्त तापते ते लिहून ठेवा. बहुतेक घरांत ती एकच किंवा दोनच निघतील. सगळ्या घराला फिल्म लावायची गरज नाही. तेवढी एक खिडकी सांभाळली, तरी दादीची जानमाज पॅसेजमधून पुन्हा बैठकीत, तिच्या नेहमीच्या जागी येईल.